‘हा फाफे वाटतच नाही!’

वाचकांची पत्रं, एका कथाचित्रकर्तीची उत्तरं

गेल्या अंकात मी विचारलं होतं : आवडत्या पुस्तकातलं किंवा मालिकेतलं पात्र तुम्ही कधी काढून बघितलंय का, आणि काढताना गाडी कुठे अडली? मला वाटलं, शाळकरी पोरांची चार पत्रं येतील. आली ती बरीचशी मोठ्या माणसांची, आणि सूर सगळ्यांचा जरा ओशाळलेला. ‘आपलं असंच करते हो फॅन आर्ट, वेळ मिळेल तेव्हा.’ असंच कशाला? पुस्तक मिटल्यावरही त्यातलं माणूस डोक्यातून जात नाही, म्हणून आपण पेन्सिल उचलतो. कथाचित्रं काढणाऱ्या माझ्यासारख्यांची सुरुवात तिथूनच होते. मला संपादक तारीख देतात आणि तुम्हाला कुणी देत नाही, एवढंच.

जागेअभावी काही पत्रं थोडी कापली आहेत.

०

प्रश्न : मी अकरावीत आहे. ‘फास्टर फेणे’ची, म्हणजे आमच्या फाफेची, आजोबांची जुनी पुस्तकं घरात आहेत, ती पाठ झालीत. मी काढलेला फेणे मात्र घरात कुणालाच फेणे वाटत नाही. बहीण म्हणते, हा तर आमच्या वर्गातला कुणीतरी वाटतो. आई म्हणते, अमेय वाघसारखा काढ, लगेच ओळखतील. मी काय चुकतोय?
– एक वाचक, कणकवली

तुझी बहीण तक्रार करतेय असं तुला वाटलं, मला ती शाबासकी वाटली. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे लिहिला तो वर्गातल्या कुठल्याही बाकावर बसलेला असू शकेल असाच. पोलादी छातीचा नायक त्यांना नकोच होता.

आता आईचं म्हणणं. तिच्या डोळ्यांसमोर २०१७चा सिनेमा आहे, त्यात फेणे अमेय वाघ होता. तुझ्या एखाद्या काकाला विचार, त्याला दूरदर्शनवरचा पोरसवदा सुमीत राघवन आठवेल. तू अमेय वाघसारखा काढलास तर ते अमेय वाघचं व्यक्तिचित्र होईल. त्यालाही माझी हरकत नाही, पण मग समोर त्याचे फोटो हवेत, नाक-हनुवटीची मापं हवीत आणि परीक्षा ‘हुबेहूब झालं का’ या एकाच प्रश्नावर. तुला फेणे हवा असेल तर फोटो बंद कर आणि पुस्तक उघड.

मी कुठल्याही गोष्टीची चित्रं काढण्याआधी एक वही करते. डाव्या पानावर लेखकाने सांगितलेलं, शब्दाला शब्द. उजव्या पानावर मला दिसलेलं. तुझं डावं पान असं सुरू होईल : किडकिडीत. चौकड्यांचा शर्ट. सायकल. जिभेने काढलेला ‘टॉक्’. उजव्या पानावर तू ठरवायचंस, की चौकडी केवढी मोठी, शर्ट खोचलेला की बाहेर, चप्पल की कॅनव्हासचे बूट, कोपरावर जुनी खपली आहे का. लेखक जिथे गप्प बसलाय तिथे तू बोलायचं.

त्यातला ‘टॉक्’ घे. आवाज कागदावर येत नाही म्हणून बहुतेक जण बाजूला फुगा काढतात आणि त्यात अक्षरं लिहितात. तू आरशासमोर उभा राहा आणि दहा वेळा टॉक् कर. जीभ टाळूला चिकटते तेव्हा गाल किंचित आत जातात, सुटते त्या क्षणी जबडा खाली येतो, आणि बघ, भुवया आपोआप वर जातात. हा चेहरा काढ. अक्षरं लिहायची गरजच पडणार नाही.

चित्रकाराने स्वतःहून काही घालावं का, हाही प्रश्न तुझ्या पत्रात दडलाय. शेरलॉक होम्सची टोपी आठव, कानांवर झडपा असलेली. १८९१ साली ‘स्ट्रँड’ मासिकात आलेल्या बॉस्कोम खोऱ्याच्या गोष्टीत कॉनन डॉयल फक्त घट्ट बसणारी कापडी टोपी म्हणतो. सिडनी पॅजेट या चित्रकाराने तिची ती शिकारी टोपी केली. बाकदार पाइप तर आणखी नंतरचा, रंगभूमीवरून आलेला. आज टोपी आणि पाइप काढून घेतले तर होम्सला कोण ओळखेल? पॅजेटने लेखकाला खोटं पाडलं नाही, त्याने सोडलेल्या जागेत आपलं काहीतरी ठेवलं.

उलटा दाखला हॅरी पॉटरचा. पुस्तकात त्याचे डोळे हिरवे, आईसारखे, आणि हे लेखिका पुनःपुन्हा सांगते कारण गोष्टीचा एक धागाच त्यावर आहे. सिनेमातल्या नटाचे निळे. परिणाम असा, की पुस्तक वाचलेली मुलंसुद्धा निळे डोळे रंगवून मोकळी होतात. कथा ज्या तपशिलावर उभी आहे त्याला हात लावायचा नाही, बाकी मोकळं रान.

तू पाठवलेल्या चित्रात फेणेचा चेहरा मला ठीक वाटला. घोळ सायकलीचा आहे. न बघता काढलेली सायकल बहुतेकांची चुकते. सांगाडा म्हणजे दोन त्रिकोण, सीटखालची नळी दोघांत सामाईक. पुढचं चाक हँडलच्या चिमट्यात असतं, सांगाड्याच्या नळीला ते कुठेच जोडलेलं नसतं. तू जोडलंयस, त्यामुळे तुझ्या फेणेला वळताच येणार नाही. चेन उजव्या बाजूला. घराखाली कुणाची तरी सायकल उभी असेलच. तिच्यासमोर बसून आठवडाभर नुसती सायकल काढ. पोरगा लहान आणि सायकल मोठ्या माणसाची असेल तर तो नळीतून पाय घालून हाफ पायडल मारतो, तेव्हा अख्खं अंग एका बाजूला कलतं. ते कलणं जमलं की घरचे ओळखतील.

०

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये मागे सगळ्यांनी आपापले लग्नाचे फोटो जपानी कार्टूनसारखे करून टाकले. तेही फॅन आर्टच ना?
– एक वाचक, ठाणे

मार्च २०२५च्या शेवटी सुरू झालेली ती घिबलीची लाट, एआयकडून आपले फोटो जपानच्या घिबली स्टुडिओच्या कार्टूनपटांसारखे करून घ्यायची. माझ्याही भाचीने माझा केला होता. त्यात मी तीस वर्षांची आणि गोरीपान. घिबली स्टुडिओची माणसं एकेक हालचाल हाताने काढत आली, त्या चित्रांवर जीव असलेला माणूस त्यांचा एखादा प्रसंग थांबवून स्वतः काढून बघेल, त्यातलं पाणी कसं रंगवलंय ते शोधेल. तुमच्या ग्रुपने केलं तो फोटोवर चढवलेला कपडेपट आहे. मजा आली असेल तर आली. मला त्यात विचारण्यासारखा पुढचा प्रश्न सुचत नाही.

०

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण मिळून फ्रिज मॅग्नेट, खुणेच्या पट्ट्या आणि कापडी पिशव्या करतो. आतापर्यंत भेट म्हणून दिल्या. आता दिवाळीच्या प्रदर्शनात स्टॉल घ्यायचाय. यादी : श्यामची आई, चिमणराव-गुंड्याभाऊ, फास्टर फेणे, विक्रम-वेताळ, चिंटू, टिपऱ्यांचे आबा. कुणी म्हणतं बिनधास्त विका, कुणी म्हणतं नोटीस येईल. खरं काय?
– दोघीजणी, नाशिक

दोघींनो, मी वकील नाही. पण चाळीसेक वर्षं करारांवर सह्या करून थोडंफार कळलंय, ते सांगते. मोठा माल छापण्याआधी वकिलालाही विचाराच.

आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं, ही साठ वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. (आधी पन्नास होती. रवींद्रनाथांच्या लेखनाची मुदत १९९१च्या अखेरीस संपत होती, तेव्हा ती वाढवली.) तेव्हा तुमच्या यादीतल्या प्रत्येकाला वेगळा न्याय आहे.

साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांचं लेखन २०११पासून सर्वांचं. श्याम आणि त्याची आई तुम्ही काढा, छापा, विका. मात्र कुठल्या आवृत्तीचं मुखपृष्ठ समोर ठेवून काढू नका, कारण मुखपृष्ठ काढणाऱ्याचा हक्क वेगळा आणि त्याची मुदतही वेगळी.

चि. वि. जोशी गेले नोव्हेंबर १९६३मध्ये. म्हणजे १ जानेवारी २०२४ला चिमणराव, काऊ, मोरू, मैना, राघू आणि सोट्यासकट गुंड्याभाऊ मोकळे झाले. याचा फारसा कुणी गाजावाजा केला नाही, मला तर ही मोठी मेजवानी वाटते. पण इथे एक मेख आहे. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात चिमणराव हुबेहूब दिलीप प्रभावळकर आहेत आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे. तो दूरदर्शनचा चिमणराव झाला. चेहरा नटाचा आहे, लेखकाचा नाही. नटांच्या चेहऱ्याबद्दल न्यायालयं अलीकडे बरीच कडक झालीत. दलेर मेहंदीसारख्या दिसणाऱ्या, गाणाऱ्या बाहुल्या विकणाऱ्या दुकानाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने २०१०मध्येच निकाल दिला होता. २०२३मध्ये अनिल कपूरने आपलं नाव, चेहरा, आवाज, अगदी ‘झकास’सुद्धा कुणी परवानगीशिवाय धंद्यात वापरू नये असा आदेश मिळवला. तेव्हा ते दोन चेहरे पुसा आणि पुस्तकातून नवे काढा. ‘चिमणरावांचं चऱ्हाट’ १९३३चं आहे. त्या काळातल्या कुटुंबाचे स्टुडिओतले फोटो बघा : धोतर, लांब कोट, नऊवारी, खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात. निम्मा विनोद तिथेच सापडेल.

टिपऱ्यांचे आबाही याच कारणाने अडचणीचे. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका २००१ची, ती प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’वरून आलेली. म्हणजे लेखन त्यांचं, चेहरा त्यांचा, आणि मालिका वाहिनीची. दोघांचीही संमती लागेल. या पिशव्या घरच्यांना द्या.

फास्टर फेणे : भागवत २००१मध्ये गेले. हिशेब तुम्हीच करा, तुमची नातवंडं विकतील.

विक्रम-वेताळ कुणाच्याच मालकीचे नाहीत, त्या गोष्टी शतकानुशतकं संस्कृतात आहेत. पण खांद्यावर प्रेत टाकून, हातात तलवार घेऊन चालणारा जो राजा तुम्ही काढलाय तो ‘चांदोबा’तला, चित्रकार शंकर यांचा. ते २०२०मध्ये गेले. राजाचा तोच कोन, तीच मांडणी उचललीत तर गोष्ट जुनी असण्याचा काही उपयोग नाही. वेताळ समोरून काढा, वरून काढा, झाडाला उलटा लटकलेला फक्त पायांपासून काढा. राजाचा थकलेला खांदा तेवढा काढलात तरी लोक ओळखतील.

चिंटूची गोष्ट सगळ्यांत सरळ. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू नोव्हेंबर १९९१पासून रेषेतच जन्मला आणि रेषेतच वाढला. ज्याचं रूपच कुणीतरी काढलेलं आहे, ते पुन्हा काढून विकणं म्हणजे त्यांचा माल विकणं. त्यांना विचारल्याशिवाय नको.

आणखी दोन समज लगेहाथ खोडते. स्वतःसाठी, घरच्या भिंतीसाठी काढायला कायद्यात वाव आहे. पण ‘मी विकत नाही, नुसतं सगळ्यांना दाखवतेय’ म्हटल्याने समोरच्याचा हक्क संपत नाही. कुणी मागे लागण्याची शक्यता कमी होते, इतकंच. आणि खाली ‘श्रेय मूळ कलाकाराला’ असं लिहिणं सभ्यपणाचं आहे, ती परवानगी मात्र नाही.

परवानगी मागायची कशी? पत्र प्रकाशकाला लिहा. कुठलं पात्र, कशावर छापणार, किती नग, किंमत काय, कुठे आणि कधीपर्यंत विकणार, त्यातला किती वाटा देणार, आणि सोबत एक नमुना. ‘आम्ही तुमच्या चाहत्या आहोत’ हे एका ओळीत पुरे. उत्तर आलं नाही तर तो होकार समजू नका. लेखक, चित्रकार मंडळी वाटतात तितकी तुसडी नसतात. माझं एका बालपुस्तकातलं मांजर एकदा एका जत्रेत पिशव्यांवर लटकताना दिसलं होतं, न विचारता. पैशांचं मी विसरलेही असते. पण पिशवीवर मावेना म्हणून त्यांनी त्याची शेपटी कापली होती. कायद्यात याचीही सोय आहे, कलम ५७ : हक्क विकून टाकला असला तरी आपल्या कामाची आपली बदनामी होईल अशी मोडतोड झाली तर निर्माता हरकत घेऊ शकतो. मी शेपटीवरून न्यायालयात गेले नाही. पण त्या पिशव्या आठवल्या की अजून हात शिवशिवतात.

०

प्रश्न : मुलगी नववीत आहे. वहीच्या मागच्या पानांवर सगळीकडे ‘नारुतो’ आणि ‘डेमन स्लेयर’ या जपानी कार्टूनमधली पात्रं. इंटरमिजिएटची परीक्षा तोंडावर आहे. चित्रकलेचे सर म्हणतात, हे कार्टून बंद केलं नाही तर हात बिघडेल. बंद करायला सांगू का?
– एक आई, लातूर

ताई, अजिबात नको. सरांचा मुद्दा पूर्ण चुकीचा नाही, पण औषध चुकीचं आहे.

नक्कल करून हात बिघडत नाही. एकच सोपी नक्कल पुनःपुन्हा केली की हात आळशी होतो. तिची चार पानं उलटा आणि बघा : सगळे चेहरे डावीकडे बघतायत का? उजव्या हाताने काढणाऱ्यांना डावीकडचा चेहरा सोपा जातो. हात खिशात किंवा पाठीमागे आहेत का? केसांची बट एका डोळ्यावर आहे का? असेल तर तिच्याही नकळत तिने अवघड भाग झाकून टाकलेत. तिला म्हणावं, आता महिनाभर सगळे उजवीकडे बघणारे.

आणि हातांसाठी तर ‘नारुतो’सारखी वही नाही. त्यात विद्या वापरण्याआधी बोटांच्या मुद्रा करतात, बारा प्राण्यांच्या नावांच्या बारा मूळ मुद्रा. त्या बाराही तिने आरशात स्वतः करून, बघून, दोन्ही हातांसकट काढाव्यात. एवढं जमलं तर परीक्षेतल्या बाजारात भाजी निवडणारे हात तिला काहीच वाटणार नाहीत.

कारण परीक्षेला मुख्य अडचण असते ती स्मरणचित्राची. विषय कसे असतात तुम्हाला माहीत आहे, बसस्थानक, पाणवठा, आठवडी बाजार. आणि मुलं त्यात चार काड्यांची माणसं उभी करून येतात. तिला पडदा बंद करून आठवणीतून काढू दे. विषय द्या : नारुतो लातूरच्या बसस्थानकावर निलंग्याच्या गाडीत जागा धरतोय. खिडकीतून रुमाल टाकतोय. मागे पोत्यावर बसलेल्या बाई, कडेवरचं पोर, कंडक्टर. माणूस वाकताना, ओझं उचलताना, खेटून उभा राहताना कसा दिसतो हे तिला काढावंच लागेल, आणि आवडीने काढेल. सरांना ते चित्र दाखवा. इंटरमिजिएट पास झाली तर दहावीला वाढीव गुण आहेतच, ते त्यांना आणि तुम्हाला दोघांनाही प्रिय असणार.

ती मोठी होऊन विचारेल, याचं पुढे काय? जपानमध्ये ‘कॉमिकेट’ नावाची जत्रा १९७५पासून भरते, आता वर्षातून दोनदा, तोक्योत. तिथे चाहते आवडत्या पात्रांवर स्वतः काढलेल्या पुस्तिका विकतात. प्रकाशक सहसा काणाडोळा करतात, कारण उद्याचे चित्रकार तिथेच घडतात हे त्यांना ठाऊक आहे. ‘क्लॅम्प’ हा नावाजलेला चित्रकर्तींचा गट असल्या पुस्तिकांतूनच वर आला. हा तिथला रिवाज, आपल्याकडे तो गृहीत धरू नये, त्याबद्दल वर नाशिककर दोघींना सांगितलंच आहे.

०

प्रश्न : वय ७४. शाळेत असताना बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकादंबऱ्या भाड्याने आणून गादीखाली लपवत असे. मुळगावकरांची मुखपृष्ठं बघत तासन् तास जायचे. निवृत्तीनंतर वाटतं, आपला झुंझार, आपला काळापहाड काढावा. पण हात थरथरतो, रेघ सरळ येत नाही. आणि मुलगा हसतो, की बाबा आता फॅन आर्ट करणार.
– एक निवृत्त लेखनिक, बेळगाव

काका, मुलाला हसू दे, तो तुमचा पहिला प्रेक्षक.

आपण निवडलेला विषय थरथरत्या हातासाठी उत्तम आहे. रहस्यकथेत रेघेचं काम कमी, काळ्याचं जास्त. रात्र, कंदील, जिना, भिंतीवर पडलेली सावली. तेव्हा रेघा मारूच नका. उजेड कुठून येतोय ते एकदा ठरवा, आणि मग उजेड पडत नाही तो सगळा भाग काळा भरा. बुरख्याआडचा चेहरा म्हणजे दोन पांढरे ठिपके आणि नाकाची एक कड. काळ्याची कड थोडी वाकडीतिकडी झाली तर कोटाला सुरकुत्या पडल्या म्हणायचं.

हत्यार : पेन नको, बोरू. आपल्या पिढीला तो कापायला शिकवावं लागत नाही. कापताना टोक जरा रुंद ठेवा. साधी काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, आणि जाड कार्ट्रेज पेपर, त्याहून पातळ नको, फुगतो. कागद मोठा घ्या. लहान कागदावर माणूस मनगटातून काढतो आणि थरथर तिथेच दिसते. मोठ्या कागदावर हात खांद्यापासून फिरतो. बोर्ड भिंतीला तिरका टेकवा, उभ्याने काढा, रेघ मारायचीच झाली तर एका झटक्यात, सावकाश नाही. मोठे काळे भाग जुन्या जाड ब्रशने भरा.

मुळगावकरांचा तो तलम, झुळझुळीत पोत आणायला जाऊ नका. तो त्यांच्यासारखा कुणालाच आला नाही. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं एकदा बघा, आमच्या पिढीच्या शिक्षणाचा तो मोठा भाग होता; चार सपाट रंगांत ते काय करायचे ते कळेल. त्यातले दोन रंग घ्या. काळा आणि, मला विचाराल तर, विटकरी.

अर्नाळकरांनी हजारावर कादंबऱ्या लिहिल्या. आपल्याला विषयांचा तोटा पडणार नाही.

०

प्रश्न : मला माणसं काढता येत नाहीत. चेहरे तर मुळीच नाहीत. पण मालिका बघायचं वेड आहे. माझ्यासारखीने काय करावं?
– एक गृहिणी, इंदूर

घरं काढा की! तुम्ही रोज ज्या कुटुंबाच्या घरात तासभर बसता, त्या घराचा नकाशा काढून बघा. स्वयंपाकघर दिवाणखान्याच्या कुठल्या हाताला? सासूबाई खोलीतून बाहेर येतात ते दार, आणि मुलगा ऑफिसला जातो ते दार, या दोन्हींच्या मध्ये भिंत येते का? थोड्याच वेळात लक्षात येईल, की बहुतेक मालिकांच्या घराला तीनच भिंती असतात. चौथ्या बाजूला कॅमेरा. ती चौथी भिंत तुमची. तिच्यावर काय टांगायचं ते तुम्ही ठरवा : दिनदर्शिका, आजोबांचा फोटो, बंद पडलेलं घड्याळ. पात्रांचा स्वभाव तुम्हाला पाठ आहे, तेव्हा चुकणार नाही.

मालगुडी हे गाव आर. के. नारायण यांच्या डोक्यात होतं. पण गोष्टींतल्या विखुरलेल्या खुणा जुळवून, नदी इथे, स्टेशन तिथे, त्याचा नकाशा केला तो एका अमेरिकी अभ्यासकाने. १९८६च्या ‘मालगुडी डेज’ मालिकेच्या सुरुवातीला जी रेखाटनं येतात ती नारायण यांचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची. त्यांतली घरं, झाडं, रस्ता नीट बघा. चेहऱ्यांवाचूनही गाव ओळखू येतं.

आलेखाच्या कागदावर सुरुवात करा. एक चौकोन म्हणजे एक पाऊल, हे प्रमाण पुरतं. मग जमलं तर चपला काढा, दारात कुणाच्या कशा पडल्यात त्या. चेहरा न काढता माणूस काढायचा तो सगळ्यांत सोपा मार्ग आहे.

०

प्रश्न : मी दहा वर्षांची आहे. मी माझ्या आवडत्या पुस्तकातल्या कुत्र्याचं चित्र काढलं आहे. ते लेखिकेला पाठवायचं आहे. पत्ता माहीत नाही.
– चौथी ‘ब’, फलटण

पुस्तक उघड. अगदी सुरुवातीच्या पानांत बारीक अक्षरांत छापलेलं एक पान असतं, जे कुणीच वाचत नाही. तिथे प्रकाशकाचा पत्ता आहे. पाकिटावर लेखिकेचं नाव लिही, खाली ‘द्वारा’ आणि मग प्रकाशकाचं नाव-पत्ता.

पाठवण्याआधी चित्राची रंगीत झेरॉक्स काढून घे. लेखिकेला झेरॉक्स पाठव, मूळ चित्र तुझ्याकडे ठेव. मूळच द्यायचं असेल तर आईला विचारून. चित्राच्या मागे नाव, वय आणि तारीख मऊ पेन्सिलीने लिही. बॉलपेनने लिहिलंस तर पुढे वळ उमटतात. तेलखडूने रंगवलं असशील तर वर बटर पेपर ठेव, नाहीतर कुत्रा पाकिटाला चिकटेल. घडी घालू नकोस. जुन्या वहीचे दोन पुठ्ठे घे, एक वर, एक खाली, आणि मध्ये चित्र.

पत्रात कुत्रा तुला का आवडला ते लिही, आणि काढताना काय अवघड गेलं तेही. लेखकांना हे वाचायला फार आवडतं. शेवटी, आत आणखी एक छोटं पाकीट घाल, त्यावर तुझा पत्ता. उत्तर हवं असेल तर त्याला तिकीट लावायला विसरू नकोस. लेखकांच्या घरी सगळं असतं, तिकीट तेवढं वेळेवर कधी सापडत नाही.